ध्रुवप्रदेशाचा उपासक : कार्ल वायप्रेख्त

पृथ्वीच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना अफाट हिमप्रदेश पसरलेले आहेत. हिवाळ्यात तेथे दीर्घकाळ सूर्याचे दर्शन घडत नाही आणि उन्हाळ्यात तो दीर्घकाळ मावळत नाही. अशा या प्रदेशांचे माणसाला फार पूर्वीपासून विलक्षण आकर्षण वाटत आले आहे. एकोणिसाव्या शतकात तर युरोप व अमेरिकेतील राष्ट्रांत जणू शर्यतच लागली होती. जो तो इतरांहून चार पावले पुढे जाण्यासाठी धडपडे, नव्या भूमीवर आपल्या देशाचे निशाण रोवी आणि मायदेशी परतून कीर्ती मिळवी. या शर्यतीत अनेक जहाजे बुडाली, अनेक शूर पुरुष प्राणांस मुकले. परंतु ध्रुवप्रदेशातील वारे, थंडी, चुंबकशक्ती आणि प्रकाश यांचे नियम कोणते, हे फारसे कोणास उमगले नाही. या शर्यतीत स्वतः भाग घेऊन, तीत यशही मिळवून, नंतर ती व्यर्थ आहे असे जगाला निक्षून सांगणारा एक पुरुष त्या काळी होऊन गेला. त्याचे नाव कार्ल वायप्रेख्त.

कार्लचा जन्म ८ सप्टेंबर १८३८ रोजी जर्मनीतील डार्मस्टाट या शहरी झाला. त्याचे बालपण ओडेनवाल्ड नावाच्या डोंगराळ व वनराईने नटलेल्या मुलखात गेले. समुद्र तेथून शेकडो कोस दूर. तरीही या मुलाच्या मनात समुद्राची ओढ उत्पन्न झाली. इ. स. १८५६ मध्ये तो ऑस्ट्रियाच्या नौदलात दाखल झाला. त्या काळी एड्रियाटिक समुद्राचा पूर्व किनारा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे आणि त्रिएस्ते हे त्याचे मोठे बंदर होते. तेथील खलाशी बहुधा इटालियन किंवा क्रोएशियन भाषा बोलत. कार्लने त्यांच्याशी मिळूनमिसळून राहून त्यांची भाषा, त्यांचे स्वभाव आणि त्यांचे सुखदुःख जाणून घेतले. पुढील आयुष्यात हे शिक्षण त्याला फार उपयोगी पडले.

इ. स. १८६६ मध्ये ऑस्ट्रिया व इटली यांच्या आरमारांची लिस्सा बेटाजवळ मोठी लढाई झाली. त्या वेळी वायप्रेख्त ड्राखे नावाच्या युद्धनौकेवर अधिकारी होता. लढाईच्या ऐन भरात नौकेचा कप्तान तोफगोळा लागून ठार झाला. वायप्रेख्तने तत्काळ नौकेची सूत्रे हाती घेतली आणि अखेरपर्यंत धैर्याने झुंज दिली. या पराक्रमाबद्दल त्याचा गौरव झाला. तथापि, युद्धातील कीर्तीने त्याचे समाधान झाले नाही. निसर्गाची कोडी उलगडण्यात जो आनंद आहे, तो त्याला खुणावीत होता. अशा कोड्यांचे सर्वांत मोठे भांडार ध्रुवप्रदेशात आहे हे त्याने ओळखले होते.

इ. स. १८७१ मध्ये त्याने यूलियस पायर या सैन्यातील अधिकाऱ्यासह एका लहान जहाजातून उत्तरेकडील समुद्राची पाहणी केली. त्यानंतर ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याने मोठी मोहीम आखली. काउंट हान्स विल्चेक या उदार सरदाराने तिला भरघोस साहाय्य केले. मोहिमेसाठी शिडे व वाफेचे इंजिन असे दोन्ही असलेले एक भक्कम जहाज बांधण्यात आले. लिस्साच्या लढाईतील विजयी सेनापतीच्या नावावरून त्याचे नाव टेगेटहोफ असे ठेवले. जहाजावर २४ माणसे होती. समुद्रावर वायप्रेख्तची आज्ञा चालावी आणि जमिनीवर पायरची, असे ठरले. जर्मन, हंगेरियन, इटालियन, क्रोएशियन अशा अनेक भाषा बोलणारी ही माणसे एका शिडाखाली एकत्र आली होती. जहाजावरील हुकूम इटालियन भाषेत दिले जात. सहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी प्राणपणाने लढावे लागले, त्यांचीच भाषा वायप्रेख्तच्या मुखी आता बंधुभावाची भाषा झाली होती.

१३ जून १८७२ रोजी टेगेटहोफने जर्मनीतील ब्रेमरहाफेन बंदर सोडले. नव्या उमेदीने निघालेल्या या जहाजाच्या नशिबी मात्र विचित्र योग होता. नोवाया झेम्ल्या या बेटांच्या उत्तरेस पोहोचताच, २१ ऑगस्ट रोजी, चोहोंकडून बर्फाचे तट जवळ आले आणि जहाज त्यांत घट्ट अडकले. खलाशांनी करवतींनी बर्फ कापला, दारूचे सुरुंग लावले. पण सारे व्यर्थ. एक फट पाडावी, तोच ती पुन्हा गोठून जाई. जहाज बर्फाचे बंदिवान झाले आणि बर्फ वारा नेईल तिकडे त्याला वाहून नेऊ लागला. हिवाळा आला. शंभराहून अधिक दिवस सूर्य दिसला नाही. रात्री-अपरात्री बर्फाचे प्रचंड थर एकमेकांवर आदळत, जहाजाच्या फळ्या करकरत आणि आता जहाजाचा चुराडा होणार अशा भीतीने सर्व जण कपडे अंगावर चढवूनच झोपत.

अशा प्रसंगी माणसांचे मन खचू न देणे हेच नायकाचे मोठे काम होय. वायप्रेख्तने प्रत्येकाला रोजचे काम नेमून दिले. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी जहाजावर शाळा भरू लागली. अधिकारी पाळीपाळीने थंडी, वारा व हवेचा दाब यांची नोंद करीत. आकाशात ध्रुवप्रकाशाचे हिरवे-तांबडे पडदे हेलकावू लागले, की वायप्रेख्त बर्फावर जाऊन चुंबकसूचीचे निरीक्षण करी. हा प्रकाश तीव्र झाला, की सूची अस्वस्थ होऊन इकडे तिकडे हलू लागते, असे त्याला वारंवार दिसून आले.

वर्ष लोटले तरी सुटकेचे चिन्ह दिसेना. अशातच ३० ऑगस्ट १८७३ रोजी दुपारी धुक्याचा पडदा बाजूला झाला आणि दूरवर डोंगरांचे कडे दिसू लागले. कोणत्याही नकाशात नसलेली ती भूमी होती. जहाज आपल्या इच्छेने तेथे गेले नव्हते. बर्फानेच ते तिकडे नेले होते. आपल्या सम्राटाच्या नावावरून त्यांनी त्या द्वीपसमूहास फ्रान्त्स योझेफ भूमी असे नाव दिले. पुढील वसंत ऋतूत पायरने घसरगाड्यांवरून प्रवास करून हा प्रदेश धुंडाळला आणि १२ एप्रिल १८७४ रोजी तो त्याच्या उत्तर टोकापर्यंत पोहोचला. याच सुमारास जहाजावरील अभियंता ओटो क्रिश क्षयाने मरण पावला. त्याला त्या निर्जन बेटावर मूठमाती देण्यात आली.

आता अन्नसाठा सरत चालला होता. तिसरा हिवाळा जहाजावर काढणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होते. म्हणून २० मे १८७४ रोजी टेगेटहोफचा निरोप घेऊन उरलेली २३ माणसे होड्या व घसरगाड्या ओढीत दक्षिणेकडे निघाली. ओझे अवजड, वाट उंचसखल आणि बर्फ भुसभुशीत. पण याहूनही मोठे संकट निराळेच होते. पायांखालचा बर्फ स्थिर नव्हता. माणसांनी दिवसभर रक्ताचे पाणी करून दक्षिणेस चालावे आणि दक्षिणेच्या वाऱ्याने सारे हिमक्षेत्रच उत्तरेकडे ढकलून न्यावे, असे घडू लागले. दोन महिने असे कष्ट केल्यावर मोजमाप केले, तेव्हा ते जहाजापासून अवघे १५ किलोमीटर दूर आले आहेत असे आढळले.

खलाशांचा धीर सुटला. मागे जहाज होते, तेथे निवारा होता, थोडेबहुत अन्नही होते. परत फिरावे असे अनेकांना वाटू लागले. परंतु त्या निवाऱ्यात काही काळ सुख आणि शेवटी मरण आहे, हे वायप्रेख्त जाणत होता. त्याने परतीचा विचार साफ नाकारला. बायबलातील वचने वाचून त्याने त्यांना धीर दिला. आपल्या मनातील चिंता त्याने केवळ रोजनिशीत लिहिली. चेहऱ्यावर तिची छटाही उमटू दिली नाही. नायकच खचला, तर मागच्यांनी कोणाकडे पाहावे? पुढे पायर चित्रकार झाला, तेव्हा त्याने याच प्रसंगाचे एक भव्य चित्र रंगविले.

अखेर वारा फिरला. ऑगस्टच्या मध्यास त्यांना मोकळा समुद्र दिसला. होड्या पाण्यात लोटून त्यांनी वल्ही हाती घेतली आणि नोवाया झेम्ल्याचा किनारा गाठला. २४ ऑगस्ट रोजी एका रशियन मासेमारी जहाजाने त्यांना आश्रय दिला आणि ३ सप्टेंबरला ते नॉर्वेतील वार्डो बंदरात सुखरूप उतरले. हे सारे लोक मेले असे समजून चाललेल्या युरोपला ही वार्ता विजेसारखी वाटली. व्हिएन्ना नगरीत लक्षावधी लोकांनी रस्त्यांवर दुतर्फा उभे राहून त्यांचे स्वागत केले. लंडनच्या भूगोल संस्थेने सुवर्णपदक देऊन वायप्रेख्तचा सन्मान केला.

कोणीही सामान्य पुरुष या कीर्तीवर आयुष्यभर संतुष्ट राहिला असता. पण वायप्रेख्त स्वतःच्या मोहिमेचा हिशेब कठोरपणे मांडू लागला. नवी भूमी सापडली हे खरे; पण निसर्गाचे नियम किती कळले? दोन वर्षे प्राण पणाला लावून त्याने चुंबकसूचीच्या असंख्य नोंदी केल्या होत्या. पण त्याच क्षणी इतर ठिकाणी सूची कशी हलत होती, हे ठाऊक नसल्यामुळे त्या नोंदींचा अर्थ पुरतेपणी लावता येत नव्हता. एकाच गावी पडलेला पाऊस मोजून मोसमी वाऱ्यांची चाल सांगता येत नाही. त्यासाठी किनाऱ्यावर, घाटावर व देशावर एकाच दिवशी पाऊस मोजावा लागतो. ध्रुवप्रदेशाचेही तसेच आहे, हे त्याच्या ध्यानी आले.

इ. स. १८७५ च्या सप्टेंबरात ग्रात्स शहरी जर्मन शास्त्रज्ञांची व वैद्यांची परिषद भरली. तेथे वायप्रेख्तने आपले विचार निर्भयपणे मांडले. नव्या भूमीला नाव देण्यापेक्षा निसर्गाच्या नियमांचा शोध घेणे हे ध्रुवसंशोधनाचे खरे कार्य होय. शास्त्राच्या दृष्टीने प्रत्यक्ष ध्रुवबिंदूला इतर कोणत्याही स्थळाहून अधिक महत्त्व नाही. एकट्यादुकट्या मोहिमेने केलेल्या नोंदींचे मोल मर्यादित असते. म्हणून सर्व राष्ट्रांनी ध्रुवाभोवती निरनिराळी ठाणी उभारून, सारखी यंत्रे वापरून, एकाच वेळी वर्षभर निरीक्षणे करावीत, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. ज्याने स्वतः नवी भूमी शोधली, त्यानेच नव्या भूमीच्या हव्यासाला दोष द्यावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटले.

विचार मांडणे सोपे, पण राष्ट्रांना एकत्र आणणे अवघड. त्या काळी युरोपातील राजे एकमेकांकडे संशयाने पाहत. वायप्रेख्त व काउंट विल्चेक यांनी तपशीलवार योजना तयार केली. ती जागतिक हवामान परिषदेपुढे ठेवायची होती. पण रशिया व तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले आणि परिषद पुढे ढकलावी लागली. अखेर १८७९ च्या एप्रिलमध्ये ती भरली आणि तिने योजना उचलून धरली. ही परिषद भरली होती रोम नगरीत. ज्या इटलीच्या आरमाराशी वायप्रेख्त तेरा वर्षांपूर्वी लढला, त्याच इटलीच्या राजधानीत त्याच्या शांततेच्या योजनेला मान्यता मिळाली. त्याच वर्षी हॅम्बुर्ग येथे आंतरराष्ट्रीय ध्रुव आयोग स्थापन झाला. निदान आठ ठाण्यांची हमी मिळाल्याशिवाय कार्य आरंभू नये, असे ठरले.

एक एक राष्ट्र संमती देऊ लागले. परंतु वायप्रेख्तचे शरीर झिजत चालले होते. क्षयरोगाने त्याला ग्रासले. आपल्या जन्मभूमीत, मिशेलस्टाट येथे, २९ मार्च १८८१ रोजी वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी त्याने देह ठेवला. ज्या कार्यासाठी त्याने आयुष्य वेचले, ते सुरू झालेले पाहणे त्याच्या भाग्यी नव्हते.

पण कार्य थांबले नाही. इ. स. १८८२-८३ मध्ये पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष पाळण्यात आले. उत्तरेकडे बारा आणि दक्षिणेकडे दोन अशा चौदा मोहिमा निघाल्या. ऑस्ट्रियाचे ठाणे यान मायेन बेटावर होते आणि त्याचा खर्च विल्चेकने सोसला. दर तासाला नोंदी होत; महिन्याच्या १ व १५ या तारखांना तर चुंबकसूचीची स्थिती दर पाच मिनिटांनी टिपली जाई. सर्वांची निरीक्षणे एकाच क्षणी व्हावीत म्हणून साऱ्या ठाण्यांनी या दिवशी जर्मनीतील गॉटिंगेन या गावची वेळ प्रमाण मानली. या कार्याची किंमतही मोठी द्यावी लागली. डच पथकाचे जहाज बर्फात चिरडून बुडाले. अमेरिकेच्या एका पथकापर्यंत रसद पोहोचली नाही आणि त्यातील पंचवीस जणांपैकी केवळ सहा जण घरी परतले. पुढे प्रत्येक राष्ट्राने आपापल्या नोंदी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्या. साऱ्यांचा मिळून अभ्यास व्हावा तितका झाला नाही. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली : निरनिराळ्या निशाणांखालील माणसे ज्ञानासाठी एकाच घड्याळाप्रमाणे वागू शकतात.

वायप्रेख्तने लावलेल्या या रोपट्याचा पुढे वृक्ष झाला. १९३२-३३ मध्ये दुसरे ध्रुववर्ष पार पडले. त्यानंतर १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ या काळात आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष साजरे झाले. त्यात साठांहून अधिक राष्ट्रांनी भाग घेतला आणि अंटार्क्टिका खंडाकडे विशेष लक्ष दिले. हे खंड सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर विस्ताराचे आहे. सात राष्ट्रे त्याच्या निरनिराळ्या भागांवर हक्क सांगत होती. काहींचे हक्क तर एकमेकांवर चढलेले होते. दुसरीकडे अमेरिका व रशिया यांच्यात शीतयुद्ध चालू होते. हे निर्मळ खंड रणभूमी होते की काय, अशी भीती वाटत होती. पण तेथे एकत्र काम केलेल्या शास्त्रज्ञांनी सहकार्याची वाट दाखविली होती. त्याच वाटेने १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथे बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिका करारावर सह्या केल्या. २३ जून १९६१ पासून तो अमलात आला.

या कराराने ठरविले की, अंटार्क्टिकाचा उपयोग केवळ शांततेसाठी व्हावा. तेथे लष्करी तळ नसावेत. अणुस्फोट करू नयेत व किरणोत्सर्गी कचरा टाकू नये. संशोधनास सर्वांना मोकळीक असावी आणि मिळालेले ज्ञान सर्वांनी वाटून घ्यावे. एकमेकांची ठाणी तपासण्याचा अधिकारही राष्ट्रांनी परस्परांस दिला. हक्कांचे वाद मिटले नाहीत. पण कराराने ते जेथल्या तेथे थोपवून धरले. १९९१ मध्ये माद्रिद येथे त्याला आणखी एका कराराची जोड मिळाली आणि खनिजांसाठी ती भूमी खोदण्यास मनाई झाली. या सहकार्याचे फळ साऱ्या जगाने चाखले आहे. भूभौतिक वर्षासाठी ब्रिटिशांनी हॅली येथे जे ठाणे उभारले, तेथील वर्षानुवर्षांच्या नोंदींवरूनच १९८५ मध्ये वातावरणातील ओझोनचा थर विरळ होत असल्याचे उघडकीस आले. वायप्रेख्तने सांगितलेल्या सबुरीच्या निरीक्षणाचा याहून मोठा पुरावा कोणता असणार!

भारताचाही या कार्यात वाटा आहे. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिले भारतीय पथक गोव्याहून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले. १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिका करारात सामील झाला. दक्षिण गंगोत्री, मैत्री आणि भारती ही आपली तेथील ठाणी होत. बर्फाखाली जाऊ लागल्यामुळे दक्षिण गंगोत्रीचे काम पुढे थांबवावे लागले. उत्तर ध्रुवप्रदेशातही २००८ पासून हिमाद्री हे भारताचे संशोधन ठाणे आहे. या साऱ्या कार्याची सूत्रे गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय संस्थेतून हलविली जातात. आपल्या एका ठाण्याचे नाव मैत्री असावे, हे किती अर्थपूर्ण आहे!

फ्रान्त्स योझेफ भूमीच्या शोधाचा वायप्रेख्तला अभिमान वाटणे स्वाभाविक होते. ज्या साम्राज्यासाठी त्याने तेथे निशाण लावले, ते साम्राज्य १९१८ मध्ये लयाला गेले. ती बेटे आज रशियाच्या ताब्यात आहेत. निशाणे बदलली, राजे गेले, सीमा पुसल्या गेल्या. परंतु सर्व राष्ट्रांनी मिळून सत्याचा शोध घ्यावा, हा त्या प्रवाशाने रुजविलेला विचार मात्र टिकून राहिला आणि तो आजही दोन्ही ध्रुवांवर माणसांना एकत्र आणीत आहे. भूमी जिंकणाऱ्यांची नावे नकाशावर राहतात; परंतु माणसांना जोडणाऱ्यांचे कार्य मानवजातीच्या हृदयात राहते.